ग्राइंडिंग न करता अवघड आरपीजी लढती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरपीजी म्हणजे एका पात्राची किंवा टोळीची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम. त्यांबद्दलचे खालचे प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत, म्हणून एकत्र केले. विचारणारे बहुतेक पुण्यातले. कोणी हिंजवडीहून रात्री उशिरा घरी पोचणारे, कोणी नारायण पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, कोणी मुलांना झोपवून मग तासभर खेळायला बसणारे. सगळ्यांची मागणी सारखीच असते: वेळ थोडा आहे, लढत मात्र डोकं लावायला लावणारी हवी. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथे पाठवलं आहे.

१. ग्राइंडिंग म्हणजे नेमकं काय? साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरच्या मोहिमा) केल्या तर तेही ग्राइंडिंगच का?

नाही. एकदा हरवलेल्या शत्रूंशी, त्याच जागी, त्याच पद्धतीने, फक्त एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) किंवा पैसे वाढावेत म्हणून पुन्हा पुन्हा लढणं म्हणजे ग्राइंडिंग. साइड क्वेस्टमध्ये नवी जागा, नवी माणसं, नव्या प्रकारची लढत असते, त्यामुळे ती खेळाचाच भाग आहे. ओळखायची सोपी खूण अशी: शेवटच्या दहा लढतींत तुम्ही एकदाही थांबून विचार केला नसेल, तर तुम्ही ग्राइंड करताय.

२. लेव्हल न वाढवता अवघड गेम खरंच पूर्ण होतो का, की नुसतं बोलायला?

होतो, आणि ते आकड्यांतच दिसतं. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) घ्या. त्यात वार लागतो की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं, म्हणजे फाशावरचा एक अंक ५ टक्क्यांचा. पहिल्या लेव्हलला तुमचा प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे फाशात मिळवायची कौशल्याची भर, २ असतो आणि बाराव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला तो ४ होतो. अकरा लेव्हलमध्ये वाढ फक्त दोनची. आता ‘ब्लेस’ हा पहिल्याच लेव्हलचा मंत्र बघा. तो तिघांच्या वाराच्या प्रत्येक फाशात चार बाजूंच्या फाशाची भर घालतो, म्हणजे सरासरी अडीच. उंचावर उभं राहून बाण मारला तर आणखी २ मिळतात. अकरा लेव्हलमध्ये जेवढा बोनस वाढतो, तेवढा तुम्ही एक मंत्र म्हणून किंवा चार पायऱ्या चढून पहिल्या तासातच मिळवू शकता.

लेव्हलला किंमत नाही असं नाही. याच गेममध्ये पाचव्या लेव्हलला योद्ध्यांना दुसरा वार आणि जादूगारांना ‘फायरबॉल’ मिळतो, तेव्हा ताकद एकदम वाढते. पण ती लेव्हल नकाशा नीट धुंडाळला की आपोआप येते.

३. मी पहिल्यांदाच असा गेम खेळणार आहे. सुरुवात कशाने करू? लॅपटॉप साधा आहे.

लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नसेल तर ‘बाल्डर्स गेट ३’ सध्या बाजूला ठेवा. त्याला दीडशे जीबी जागा लागते आणि कार्डही बऱ्यापैकी हवं. ‘इनटू द ब्रीच’पासून (२०१८) सुरू करा. तो काटेकोर अर्थाने आरपीजी नाही, तरी माझा आग्रह आहे. शत्रू पुढच्या टर्नला (पाळीला) काय करणार हे तो आधीच दाखवतो, आणि शत्रूला मारण्यापेक्षा त्याला एक घर ढकलणं जास्त उपयोगी कसं पडतं हे अर्ध्या तासात शिकवतो. ही सवय पुढे प्रत्येक आरपीजीत कामी येते. बऱ्यापैकी कार्ड असेल तर ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ (२०१७; पुढे नुसतं ‘डिव्हिनिटी २’). स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, तेव्हा आपल्या मशीनवर चालतो का हे त्या वेळात बघून घ्या.

४. कुठल्या डिफिकल्टीवर खेळू?

हरल्यावर कारण सांगता येईल, अशा सर्वांत वरच्या डिफिकल्टीवर. ‘का हरलो ते कळलंच नाही’ असं सलग होत असेल तर एक पायरी खाली या. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक. वरची डिफिकल्टी म्हणजे दरवेळी फक्त शत्रूची हेल्थ वाढवलेली असते असं समजू नका. ‘पर्सोना ५ रॉयल’मध्ये सर्वांत वरच्या ‘मर्सिलेस’वर कमजोर बाजूवर केलेला वार दोन्ही पक्षांना फार जोरात लागतो. त्यामुळे शत्रूची कमजोरी आधीच शोधून ठेवणाऱ्याला ती डिफिकल्टी ‘हार्ड’पेक्षा सोपी जाऊ शकते. ‘बाल्डर्स गेट ३’च्या ‘ऑनर मोड’मध्ये तर बॉसना (मोठ्या, मुख्य शत्रूंना) वेगळ्या हालचाली दिल्या आहेत आणि सेव्ह एकच मिळतो. तिथे पहिल्याच खेपेला जाऊ नका.

५. एकाच लढतीत सारखा हरतोय. लेव्हल वाढवण्याआधी काय करून बघू?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर जरा लांब आहे.

हरलात की लगेच लोड करू नका. आधी आठवा, आपला पहिला माणूस कोण पडला आणि कोणाच्या हातून पडला. बहुतेक लढती तिथेच फिरलेल्या असतात. उपचार करणारी व्यक्ती दुसऱ्याच टर्नला पडली असेल तर अडचण तुमच्या उभं राहण्याच्या जागेत आहे. तुमच्या आधी शत्रूच्या तीन टर्न होऊन गेल्या असतील तर अडचण इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे कोणाची पाळी आधी येते त्यात, आहे. मग लपून, लांबून पहिला वार तुम्ही करा.

त्यानंतर शत्रूची माहिती वाचा. वाचायची म्हणजे खरंच वाचायची. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये शत्रूवर राइट-क्लिक करून ‘एक्झामिन’ निवडलं की त्याला काय लागतं आणि काय लागत नाही, सगळं समोर येतं. सांगाड्यांना गदा किंवा हातोड्याचा मार दुप्पट बसतो. हे माहीत नसलेला माणूस तलवारीने तासभर झुंजतो आणि ‘आपली लेव्हल कमी पडतेय’ असं ठरवून मोकळा होतो.

मग बघा, कोणत्या टर्न वाया गेल्या. पोचता न आल्यामुळे नुसतं पळण्यात गेलेली टर्न, अर्ध्या हेल्थवर असलेल्याला घाईने हील करण्यात गेलेली टर्न. शत्रूने दर टर्नला वीस काढले आणि तुम्ही दर टर्नला बारा भरले, तर तुम्ही फक्त सावकाश हरताय. त्यापेक्षा मारणाऱ्याला झोपवा, गोठवा, ढकला. ‘होल्ड पर्सन’ लागलेल्या माणसाची टर्न तर जातेच, शिवाय जवळून केलेला प्रत्येक लागलेला वार त्याला क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा फार जोरात, बसतो. एका मंत्रात बचाव आणि हल्ला दोन्ही साधतात. फक्त लक्षात ठेवा, एकाग्रतेचा मंत्र, म्हणजे टाकल्यावरही लक्ष लावून धरून ठेवावा लागणारा, एका जादूगाराला एका वेळी एकच टिकवता येतो. ‘ब्लेस’ एकाने आणि ‘होल्ड पर्सन’ दुसऱ्याने धरायचा. शत्रूच्या जादूगारालाही हाच नियम आहे, म्हणून त्याला एखादा हलका बाण लागला तरी त्याचा मंत्र तुटू शकतो.

एवढं करून पुन्हा हरलात, तर प्रश्न ११ बघा.

६. सगळ्या शत्रूंना थोडं थोडं मारावं की एकेकाला संपवावं?

एकेकाला संपवा. हिशेब करून बघा. चार शत्रू, प्रत्येकाची हेल्थ वीस, आणि तुमची पार्टी (तुमची टोळी) मिळून दर टर्नला वीसचा मार देते. पहिली टर्न तुमची. एकावर रोख ठेवलात तर तुमच्या पहिल्या टर्ननंतर तिघे मारतात, मग दोघे, मग एक. तुम्हाला एकूण सहा वार झेलावे लागतात. तोच मार चौघांत समान वाटलात तर चौघेही शेवटपर्यंत उभे राहतात आणि तुम्ही बारा वार झेलता. मार तेवढाच, टर्न तेवढ्याच, नुकसान दुप्पट. एक हेल्थ उरलेला शत्रूही पूर्ण ताकदीनेच मारतो, त्यामुळे वाटून मारणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

अपवाद एकच. एकाच मंत्रात तिघे-चौघे सापडत असतील तर आधी तो टाका आणि मग एकेक उचला.

७. बफ (आपली ताकद वाढवणं) आणि डिबफ (शत्रूची कमी करणं) म्हणजे टर्न फुकट घालवणं वाटतं. तेवढ्यात दोन वार होतात की.

किरकोळ लढतीत तुमचं बरोबर आहे. पाच-सहा टर्न चालणाऱ्या लढतीत चुकीचं आहे.

‘शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न’मधला (२००३) मॅटाडोर हा बॉस याच गैरसमजावर बोट ठेवतो. तो सुरुवातीलाच ‘रेड कपोटे’ वापरून स्वतःची चपळाई टोकाला नेतो. मग तुमचे वार हुकतात, आणि या गेममध्ये हुकलेला वार तुमच्या दोन चाली खातो. इथे अडकलेले कित्येक जण लेव्हल वाढवायला मागे फिरतात, आणि वाढवून आले तरी वार हुकतच राहतात. उत्तर वेगळं आहे. ‘फॉग ब्रेथ’ने त्याची चपळाई खाली आणा, आणि त्याचा वाऱ्याचा हल्ला ज्यांना लागतच नाही असे साथीदार सोबत घ्या. हल्ला निष्फळ ठरला की चाली त्याच्या जातात. लेव्हल तीच, लढत पूर्ण वेगळी.

८. जागेचा एवढा फरक पडतो का? मी सरळ पुढे जाऊन भिडतो.

पडतो, आणि पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून द्यायला लांब जायला नको. १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकणात धाडलं. मोठं सैन्य लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाने खाली उतरलं आणि उंबरखिंडीत अडकलं. वाट अरुंद, दोन्ही अंगांना रान, पुढे-मागे शिवाजी महाराजांची माणसं. संख्या खानाकडे होती, पण खिंडीत ती वापरता येईना, आणि शेवटी अभय मागून सगळा लवाजमा टाकून त्याला परत फिरावं लागलं. शत्रूची संख्या तुमच्यावर एकदम येऊ न देणं हे काम जागा करते.

गेममध्ये हे रोज करता येतं. दहा जण दिसले तर मैदानात जाऊ नका. लांबून एक बाण मारा, दाराआड मागे सरका, दारात चिलखतवाला उभा करा. ते एकेक करून येतील आणि त्यांचे तिरंदाज भिंतीमागे बिनकामाचे राहतील. ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’मध्ये तर जमीनच हत्यार आहे: पाण्यावर वीज टाकली की उभे असलेले सुन्न होऊ शकतात, सांडलेल्या तेलावर ठिणगी पडली की भडका उडतो. लढत सुरू करण्याआधी दोन मिनिटं पिंपं, कडे, शिड्या बघत फिरा. कड्यावर उभा असलेला शत्रू ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये एका धक्क्यात संपू शकतो. मात्र तो दरीत पडला तर त्याच्याजवळची लूटही गेली, म्हणून बॉसला ढकलताना विचार करा.

९. औषधं आणि स्क्रोल (एकदाच वापरता येणारे लिखित मंत्र) पुढच्या मोठ्या लढतीसाठी राखून ठेवतो. बरोबर आहे ना?

नाही. आत्ता ज्या लढतीत अडकला आहात, तीच ती मोठी लढत. गेम संपतो तेव्हा बहुतेकांच्या झोळीत न वापरलेल्या वस्तूंचा ढीग असतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळेवर वापरल्या असत्या तर एकदाही मागे फिरावं लागलं नसतं.

१०. पार्टीच चुकीची बनवली आहे असं वाटतंय. पहिल्यापासून सुरू करू?

करू नका. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये तळावर येणारा विदर्स १०० सोन्याच्या नाण्यांत कोणाचाही क्लास (योद्धा, जादूगार असा प्रकार) बदलून देतो. ‘डिव्हिनिटी २’मध्ये पहिला अंक संपवून जहाजावर पोचलात की जादूचा आरसा फुकटात सगळे गुण नव्याने वाटू देतो. एका बॉससाठी बदला, जिंकल्यावर पुन्हा पूर्ववत करा. गेमनेच सोय दिली आहे.

‘डिव्हिनिटी २’बद्दल एक विशेष सूचना. तिथे प्रत्येक शत्रूला शारीरिक आणि जादुई अशी दोन चिलखतं असतात. शारीरिक चिलखत शिल्लक असेपर्यंत त्याला पाडता येत नाही, आणि जादुई शिल्लक असेपर्यंत गोठवता किंवा सुन्न करता येत नाही. दोघं तलवारीने आणि दोघं जादूने एकाच शत्रूला मारत असतील तर दोन्ही चिलखतं अर्धवट राहतात. ज्याचं जे चिलखत पातळ आहे, त्याच्यावर त्या प्रकारची माणसं लावा.

११. खरंच लेव्हल कमी पडतेय हे कसं ओळखायचं?

असं होतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. काही गेम लेव्हलच्या फरकाला मुद्दाम वजन देतात. ‘शिन मेगामी टेन्सेई ५’मध्ये (२०२१) शत्रू बराच वरच्या लेव्हलचा असेल तर तुमचा मार गेम स्वतःच कमी करतो. ‘डिव्हिनिटी २’मध्ये प्रत्येक लेव्हलला आकडे इतके चढतात की दोन लेव्हल मागे असाल तर उत्तम डावपेचही अपुरे पडतात. प्रश्न ५ मधलं सगळं करून, योग्य जागी उभं राहून, योग्य प्रकारचा मार देऊनही शत्रूची हेल्थ जेमतेम हलत असेल, तर तुम्ही तिथे लवकर आला आहात.

तरीही ग्राइंड करायची गरज नाही. ‘डिव्हिनिटी २’मध्ये मेलेले शत्रू परत येत नाहीत, त्यामुळे ग्राइंड करायची सोयच नाही. दुसऱ्या दिशेला जा. न पाहिलेला भाग, राहिलेली क्वेस्ट, आणि मुख्य म्हणजे नवं हत्यार: तीन लेव्हल जुनी तलवार अजून वापरत असाल तर अडचण बहुधा तिथेच आहे. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’मध्ये (२०१५) शत्रूंच्या नोंदवहीत एखाद्या प्राण्याची माहिती पूर्ण झाली की त्याला मारून एक्सपी मिळतच नाही. तिथे क्वेस्टच तुम्हाला वाढवतात.

१२. लेव्हल वाढवली आणि गेम उलट अवघड झाला. असं कसं?

गेम बहुधा तुमच्याबरोबर शत्रूंनाही वाढवत असणार. ‘फायनल फँटसी ८’मध्ये (१९९९) शत्रूंची लेव्हल पार्टीच्या लेव्हलनुसार चढते, आणि खरी ताकद मंत्र गुणांना जोडण्यातून येते. तिथे कमी लेव्हलवर राहून चांगले मंत्र जोडणारा खेळाडू लेव्हल वाढवणाऱ्यापेक्षा भारी पडतो. ‘ऑब्लिव्हियन’मध्येही (२००६) हेच होतं. लढाईशी संबंध नसलेली कौशल्यं वाढवून लेव्हल चढवलीत तर शत्रू पुढे जातात आणि तुम्ही मागे राहता.

१३. सेव्ह करून पुन्हा पुन्हा लोड करणं म्हणजे चीटिंग ना?

डाव नव्याने आखण्यासाठी लोड करत असाल तर तो अभ्यास आहे. तोच डाव, फक्त फासा चांगला पडावा म्हणून लोड करत असाल, तर ते ग्राइंडिंगचंच दुसरं रूप. पन्नास टक्क्यांचा वार दहादा लोड करण्यापेक्षा ॲडव्हान्टेज मिळवा. दोन फासे टाकून मोठा धरला की पन्नासचे थेट पंचाहत्तर टक्के होतात.

सेव्ह मात्र एकापेक्षा जास्त ठेवा, ही कळकळीची विनंती. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये (१९९७) रिओव्हानेस किल्ल्यात लढती सलग येतात. मध्ये सेव्ह करता येतं, पण मूळ गेममध्ये बाहेर पडता येत नाही, आणि मग रामझाला, म्हणजे नायकाला, एकट्याने वीग्राफ या बॉसशी लढावं लागतं. एकाच जागी सेव्ह केलेले लोक तिथे कायमचे अडकले आहेत. सुटायची वाट आहे: ‘येल’ या कौशल्याने रामझाचा वेग वाढवत अंतर राखून पळत राहायचं, आणि वीग्राफच्या एका टर्नमध्ये आपल्या अनेक होऊ लागल्या की उलटून मारायचं. याहून सोपं म्हणजे किल्ल्यात शिरण्याआधीचा सेव्ह वेगळा ठेवणं.

डेस्कटॉपवर खेळणाऱ्यांनी गुरुवारी तर सेव्ह करत राहावंच. दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल सांगता येत नाही.

१४. यूट्यूबवर बघून खेळलं तर मजा जाते का?

‘हा बिल्ड (पात्राची तयार रचना) घ्या, ही बटणं दाबा’ अशा व्हिडिओने जाते. नियम समजावणाऱ्या व्हिडिओने वाढते. एका लढतीत तीनदा प्रामाणिकपणे वेगवेगळा डाव करून बघा, मगच बघायला जा, आणि तेव्हाही फक्त शत्रूची कमजोरी वाचून परत या.

१५. आम्ही चौघे मित्र रविवारी एकत्र खेळतो. एकजण सारखा पुढे पळून लढत सुरू करतो. काय करावं?

‘बाल्डर्स गेट ३’ आणि ‘डिव्हिनिटी २’ दोन्ही चौघांना खेळता येतात, आणि ही तक्रार दोन्हींत येते. त्या मित्राला चोराचा किंवा टेहळणीचा क्लास द्या. पुढे जाणं हेच त्याचं काम होऊ दे, पण त्याने लपून जायचं, शत्रू मोजायचे आणि परत येऊन सांगायचं. पहिला वार कोणी करायचा हे बाकीचे तिघे जागेवर पोचल्यावर ठरवा. उपाय साधा आहे, पण टिकतो, कारण त्याचा उत्साह मारला जात नाही.

१६. माझा मुलगा मोबाईलवर रोज त्याच त्याच लढती करतो आणि म्हणतो ‘आई, हे स्ट्रॅटेजी आहे’. खरं आहे का?

ताई, एक प्रश्न त्याला विचारून बघा: ‘आज तू कालपेक्षा वेगळं काय केलंस?’ उत्तर देता आलं तर स्ट्रॅटेजी आहे. फुकटात मिळणाऱ्या पुष्कळ मोबाईल गेममध्ये रोजची हजेरी आणि तेच तेच काम मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे कंटाळून माणूस पैसे देतो. तिथे वर सांगितलेले डावपेच फारसे चालत नाहीत, कारण भिंत आकड्यांची असते. एकदाच विकत घेतलेला आणि शेवट असलेला गेम त्याला देऊन बघा. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ची मोबाईल आवृत्ती मिळते, त्यात विचार करायला भरपूर आहे. फक्त प्रश्न १३ मधली सेव्हची सूचना त्याला आधी वाचून दाखवा.

१७. पुण्यात तयार झालेला असा एखादा गेम आहे का?

टर्न-बेस्ड आरपीजी म्हणून माझ्या शिफारशीत पुण्याचं नाव अजून नाही. पण ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ (२०२०) नक्की खेळा. तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला आहे. लढती रिअल-टाइम ॲक्शनच्या, म्हणजे पाळी न घेता सलग चालणाऱ्या, आहेत, तरी लेव्हल वाढवत बसायचा प्रकार नाही, आणि राजस्थानी वास्तू व पहाडी चित्रशैलीवरून घेतलेली दृश्यं बघायला थांबावंसं वाटतं. ज्या शहरात हे जमलं, तिथे कोणीतरी उंबरखिंडीवर टर्न-बेस्ड गेम करावा असं मला मनापासून वाटतं.

१८. मला ग्राइंडिंग आवडतं. दिवसभराच्या कामानंतर डोकं चालवायचं नसतं. चुकतंय का?

अजिबात नाही. पॉडकास्ट ऐकत शत्रू मारत बसण्यात समाधान वाटत असेल तर खुशाल करा. फक्त नंतर ‘बॉस फार सोपा निघाला’ वाटलं तर डिफिकल्टी एक पायरी चढवा. आणि कथा पुढे न्यायची घाई असलेल्यांसाठी: ‘फायनल फँटसी’च्या पिक्सेल रीमास्टरच्या (जुन्या भागांच्या नव्याने केलेल्या रूपाच्या) कन्सोल आवृत्त्यांत एक्सपी चौपटीपर्यंत वाढवता येतो आणि वाटेत अचानक येणाऱ्या लढती बंदही करता येतात. ‘ब्रेव्हली डिफॉल्ट’मध्येही (२०१२) लढती किती याव्यात हे तुम्हीच ठरवता. एक्सपी गेमकडून घ्या, लढती कमी करा, आणि वाचलेला वेळ बॉससाठी ठेवा.